यूकेतल्या डायरेक्टरांची ओळख तपासणी: आमच्या फर्मने तयारी कशी केली, माझा अनुभव

मी लंडनच्या जरा बाहेर एका छोट्या अकाउंटन्सी फर्ममध्ये काम करते. क्लायंट म्हणजे बहुतेक एक-दोन डायरेक्टरच्या लिमिटेड कंपन्या, आयटी कॉन्ट्रॅक्टर, दुकानदार, केअर एजन्सीवाले, आणि त्यात आपली मंडळी बरीच. 18 नोव्हेंबर 2025 पासून इथे कंपनीज हाउसने, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, डायरेक्टरांची ओळख तपासणी सक्तीची केली आणि आमच्याकडे ते सगळं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं, त्याबद्दल लिहितेय. सगळ्यांना वाटतं हे काम म्हणजे पासपोर्ट बघायचे. पासपोर्ट बघून होतो हो पटकन, पण कोणाचा बघायचा, कधीच्या आत आणि कशासाठी, हे ठरवण्यातच खरा जीव जातो.

आधी हे आलं कुठून ते थोडक्यात. कंपनीज हाउसकडे पूर्वी जे पाठवाल ते रजिस्टरवर चढायचं, विचारणारं कोणी नाही. 2013 मध्ये एका माणसाने हेच दाखवून द्यायला तेव्हाचे बिझनेस सेक्रेटरी विन्स केबल यांच्याच नावावर कंपनी काढली, आणि पुढे 2018 मध्ये खोटी माहिती दिली म्हणून दंड झाला तो त्यालाच! मग 2023 मध्ये इकॉनॉमिक क्राइम अँड कॉर्पोरेट ट्रान्सपरन्सी ॲक्ट आला आणि कंपनीज हाउसला तपासायचे, नाकारायचे अधिकार मिळाले. नवीन कंपनी किंवा नवीन डायरेक्टर असेल तर तपासणी आधी, नाव नंतर. जुन्यांना वर्षभराची मुदत, म्हणजे त्या कंपनीचं पुढचं कन्फर्मेशन स्टेटमेंट (रजिस्टरवरची माहिती बरोबर आहे असं दरवर्षी कळवायचं ते) जेव्हा येईल तेव्हा.

आमच्याकडे पहिला वाद झाला तो आपण हे करायचंच का यावर. क्लायंट स्वतः गव्ह डॉट यूके वन लॉगिनवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन खात्यावरून, फुकट तपासणी करू शकतो, मग आपण कशाला मधे पडायचं. आणि पडायचं असेल तर फर्मला एसीएसपी, म्हणजे दुसऱ्यांची ओळख तपासायला अधिकृत फर्म, म्हणून नोंदणी करावी लागते, ती 18 मार्च 2025 ला सुरू झाली, फी 55 पौंड, आणि मनी लाँडरिंगच्या नियमांखाली कुठल्यातरी यूकेच्या संस्थेची देखरेख आपल्यावर हवी. ती आमच्यावर होतीच. अर्ज भरणाऱ्याने मात्र आधी स्वतःची ओळख तपासून घ्यायची, त्यामुळे आमच्या पार्टनरनाच सगळ्यात आधी फोनसमोर मान वळवत बसावं लागलं. मला बरं वाटलं, कारण त्यानंतर त्यांनी कुठल्याच क्लायंटला "दोन मिनिटांचं काम आहे" असं सांगितलं नाही.

पार्टनरांचं म्हणणं होतं की आपल्याकडे सगळ्यांचे पासपोर्ट फाइलला आहेतच, तेच कळवून टाकू. तसं चालत नाही. क्लायंट घेताना आपण मनी लाँडरिंगसाठी जी तपासणी करतो ती जोखीम बघून कमी-जास्त करायची मुभा असते, ही तशी नाही. इथे कुठली कागदपत्रं चालतात त्याची यादी ठरलेली, चेहरा कागदाशी जुळवायचा, माणसाने तपासायचं असेल तर खोटी कागदपत्रं ओळखायचं ट्रेनिंग हवं, आणि रेकॉर्ड 7 वर्षं सांभाळायचं. पाच वर्षांपूर्वी स्कॅन केलेली धुरकट पीडीएफ दाखवून तुम्ही कंपनीज हाउसला "आम्ही ओळख तपासली" असं लिहून दिलंत तर ते तुमच्या अंगाशी येणार, क्लायंटच्या नाही. हे बोलल्यावर मीटिंगमध्ये जरा शांतता झाली आणि मग ठरलं: ज्यांना जमतं त्यांनी स्वतः करायचं, आपण नुसती मदत करायची, आणि जे अडकतात तेवढेच आपण घ्यायचे, त्याची वेगळी फी आणि एंगेजमेंट लेटरमध्ये (क्लायंटशी कामाचा करार) वेगळा परिच्छेद. मला अजूनही हेच बरोबर वाटतं. सगळ्यांचं आपणच करायला घेतलेल्या फर्म मला माहीत आहेत, त्यांची माणसं जानेवारीत सेल्फ असेसमेंटच्या, म्हणजे वैयक्तिक टॅक्स रिटर्नच्या, गर्दीत हे पण करत बसली होती.

मग यादी. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं कंपनीवार, आणि तपासणी होते माणसाची. तपासणी झाली की त्या माणसाला 11 अक्षरांचा पर्सनल कोड मिळतो, तो आयुष्यभर एकच, पण तो माणूस जितक्या कंपन्यांत असेल तितक्या ठिकाणी तोच कोड पुन्हा पुन्हा द्यायचा, आणि डायरेक्टर म्हणून एकदा, पीएससी म्हणून परत एकदा. पीएससी म्हणजे ढोबळमानाने ज्याच्याकडे 25 टक्क्यांच्या वर शेअर किंवा मतं आहेत तो. म्हणून मी सगळं उलटं केलं, माणूस आधी आणि त्याच्यासमोर त्याच्या सगळ्या कंपन्या आणि भूमिका, मग तारखा.

तारखांचा घोळ नीट सांगते कारण इथेच लोक चुकतात. समजा कंपनीची स्टेटमेंटची तारीख 10 जानेवारी. मग 24 जानेवारीपर्यंत स्टेटमेंट भरायचं आणि त्यातच सगळ्या डायरेक्टरांचे कोड द्यायचे, एकाचा जरी राहिला तरी स्टेटमेंट जात नाही. आता तोच डायरेक्टर पीएससी पण असेल, आणि छोट्या कंपनीत तो असतोच, तर ते त्याने 11 ते 24 जानेवारीमध्ये वेगळं जाऊन द्यायचं. स्टेटमेंट भरलं म्हणजे झालं असं समजून लोक निवांत बसतात. आणि जो नुसता पीएससी आहे, डायरेक्टर नाही, त्याचा कंपनीच्या तारखेशी काहीच संबंध नाही, त्याच्या जन्माच्या महिन्याचे पहिले 14 दिवस ही त्याची खिडकी. त्याच्या आधी देऊन मोकळं होऊ म्हणाल तर तसंही करता येत नाही.

नवरा डायरेक्टर आणि बायको नुसती अर्ध्या शेअरची मालक, अशा जोड्या आमच्याकडे भरपूर. अशाच एका काकूंना फोन केला तर म्हणाल्या, "अगं मी त्या ऑफिसात कधी पाऊल टाकलं नाही, मला कशाला तपासताय?" म्हटलं काकू, अर्धे शेअर तुमच्या नावावर आहेत ना. "ते यांनी टॅक्ससाठी केलंय, यांनाच विचार." मग त्यांना सांगितलं की मुदतीत केलं नाही तर कायद्याने गुन्हा धरला जातो, आणि तो यांच्या नावावर नाही, तुमच्या नावावर. त्यानंतर मात्र काकूंनी काकांच्या आधी कागद काढून ठेवले.

बरं, दोघांचा ईमेल एकच! वन लॉगिनला प्रत्येकाचा स्वतःचा ईमेल लागतो, एका ईमेलवर एकच खातं. निम्म्या जोडप्यांचं गाडं इथेच अडलं, म्हणून आमच्या पहिल्या पत्रातच आम्ही हे ठळक टाकलं: आधी स्वतःचा ईमेल काढा, बाकीचं नंतर बोलू.

आता आपल्या लोकांचा खास प्रॉब्लेम, भारतीय पासपोर्ट. वन लॉगिनचं ॲप फोनने पासपोर्टमधली चिप वाचतं. ब्रिटिश पासपोर्टला चिप असते, पण भारतात चिपचे ई-पासपोर्ट यायला लागले ते अगदी आत्ता, 2024 मध्ये नागपूर आणि भुवनेश्वरला सुरुवात झाली, म्हणजे बहुतेकांच्या हातात अजून जुनाच आहे. लोक तासभर फोन पासपोर्टवर घासत बसतात, कव्हर काढतात, फोन बदलतात, आणि त्यात चिपच नाही तर वाचणार काय. इथलं फोटो ड्रायव्हिंग लायसन असेल तर त्यावर काम होतं, अगदी प्रोव्हिजनल चालतं, म्हणून आम्ही इथे राहणाऱ्यांना पहिला प्रश्न तोच विचारतो. पण पुण्यात बसलेला डायरेक्टर, चिप नाही, इथलं लायसन नाही, तो अडकतोच. अशांसाठी खरी एसीएसपीची गरज. त्यांच्यासाठी आम्ही कागदपत्रं आणि चेहरा तपासणाऱ्या एका कंपनीची सिस्टीम घेतली, आणि जे ऑफिसला येऊ शकतात त्यांची कागदपत्रं समोर बसून बघतो.

नावांचं म्हणाल तर मी उगाच घाबरले होते. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे, रजिस्टरवर ते नाही, लग्नाआधीचं आडनाव, हे सगळं आपल्याकडे असतंच. कोड देताना नाव वेगळं दिसलं तर सिस्टीम कारण विचारते, ते द्यायचं, पुढे जायचं. जन्मतारीख मात्र जुळायलाच हवी, तिथे कारणबिरण काही नाही, आधी रजिस्टर दुरुस्त करा. आणि जन्मतारखेत आपली एक पूर्ण पिढी अशी आहे की शाळेत घालताना मास्तरांनी 1 जून लावून टाकलेला! पासपोर्टवर 1 जून, आणि कंपनी काढताना कोणीतरी प्रेमाने खरा वाढदिवस टाकलेला. म्हणून मी यादी झाल्यावर सगळ्यात आधी रजिस्टरवरची जन्मतारीख आणि ओळखपत्रावरची तारीख शेजारी शेजारी लावून बघितली. पब्लिक रजिस्टरवर फक्त महिना आणि वर्ष दिसतं, त्यामुळे पूर्ण तारीख आपल्या जुन्या फायलिंगमधून काढावी लागते. कंटाळवाणं काम आहे पण ऐन स्टेटमेंटच्या आठवड्यात हे सापडण्यापेक्षा परवडतं.

एक सावधगिरीचं. तो कोड पासवर्डसारखा जपायचा असतो. आमच्या एका क्लायंटने तो फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि वर मला स्क्रीनशॉट. आम्ही आता कोड फक्त क्लायंट पोर्टलवरूनच घेतो, आणि पत्रात आमचा ईमेल कुठल्या पत्त्यावरून येईल तेही लिहितो, कारण ओळख तपासायची आहे असं सांगून पासपोर्ट मागणारे भामटे अशा वेळी लगेच उगवतात.

आता जुन्यांची मुदत नोव्हेंबर 2026 मध्ये संपतेय, आणि नुसत्या पीएससीवाल्यांची शीट मी जन्ममहिन्याने लावून ठेवलीय. वर ज्या काकूंचं सांगितलं त्यांचीही तारीख निघाली 1 जूनच, रजिस्टरवर मार्च होता तो दुरुस्त केला आणि त्यांची खिडकी तीन महिने पुढे गेली. जून महिन्यात आमच्याकडे सुट्टी कोणालाही मिळणार नाहीये, मास्तरांच्या कृपेने.