धूळ उडवायचा स्प्रे आणि माझे चुकणारे ठोके

पुण्याच्या तपकीर गल्लीत लॅपटॉपच्या मदरबोर्डची दुरुस्ती करतो मी. दुकान खाली, रिपेअरिंग वर पोटमाळ्यावर. आठ बाय सात फुटांची जागा, डोक्यावर सात फुटांवर स्लॅब, खिडकी नाही. बोर्डावर धूळ बसू नये म्हणून काचेचं दार बंद आणि उकडू नये म्हणून स्प्लिट एसी. हा एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच गार करून पुन्हा फिरवतो, हे माहीत होतं. पण त्याचा आपल्या तब्येतीशी संबंध लावायची वेळ कधी आली नव्हती.

दुपारी तीन-चारच्या सुमाराला डोकं हलकं व्हायला लागलं. छातीत एक ठोका चुकायचा आणि पुढचा दाणकन आपटायचा. खाली गल्लीत येऊन उभं राहिलं की थोड्या वेळात सगळं शांत.

फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल. हिमोग्लोबिन, थायरॉइड, टूडी एको, सगळं नॉर्मल. "चहा कमी करा, टेन्शन घेऊ नका." तंबाखू खाता का, दारू घेता का, झोप होते का, हे सगळं विचारून झालं. काम काय करता याचं उत्तर "कॉम्प्युटरचं" असं ऐकलं की समोरच्याला वाटतं, बसून काम आहे, पाठ दुखत असेल.

मग हृदयाच्या डॉक्टरांनी होल्टर लावलं. छातीला इलेक्ट्रोड चिकटवतात आणि कमरेला छोटं यंत्र. 24 तासांचे सगळे ठोके त्यात नोंदले जातात. आंघोळ बंद. सोबत एक कागद देतात, त्यावर कधी काय केलं आणि कधी त्रास झाला ते लिहायचं. बहुतेक जण तो कागद कोरा परत देतात, असं तिथला टेक्निशियन म्हणाला. मी कामाचा माणूस, जॉबशीट लिहायची सवय. त्यामुळे "3.10, गेमिंग लॅपटॉपचे फॅन साफ, स्प्रे" असं सगळं उतरवलं. सुट्टीच्या दिवशी पुन्हा लावू का, असंही मीच विचारलं. खर्च वाढला, पण उपयोग झाला. कामाच्या दिवशी जास्तीचे ठोके (चुकल्यासारखे वाटतात ते हेच) दुपारी घोळक्याने आले होते, आणि कागदावर त्या वेळांसमोर बहुतेक ठिकाणी "स्प्रे" लिहिलेलं. सुट्टीच्या दिवशी तुरळक.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "हा स्प्रे कसला?"

"धूळ उडवायचा. हवाच असते त्यात."

"हवा नसणार. डबा आणा, नाहीतर त्याचा कागद आणा."

तो कागद मिळवणं हे या सगळ्यातलं सर्वांत किचकट काम निघालं. डब्यावर मोठ्या अक्षरात 'ज्वलनशील नाही', 'ओझोन-सेफ', खाली बारीक अक्षरात 'दाबाखालील वायू, 50 अंशांवर तापवू नये, भोक पाडू नये'. वायूचं नाव कुठेच नाही. डिस्ट्रिब्युटर म्हणाला, "अहो, सगळे हाच वापरतात, कुणाला काही होत नाही." कंपनीच्या ग्राहक सेवेत फोन केला की 'तक्रार आहे का चौकशी' एवढंच विचारायचे. शेवटी ईमेलमध्ये नेमके शब्द वापरले: या मालाची सेफ्टी डेटा शीट (आत काय आहे आणि धोका काय, हे सांगणारा कागद) हवी आहे, डॉक्टरांनी मागितली आहे. 'डॉक्टरांनी' हा शब्द पाहिल्यावर मात्र फाइल आली.

या शीटचे 16 भाग असतात. सगळे वाचत बसायची गरज नाही. तिसऱ्यात घटक, आठव्यात किती मात्रा चालते, दहाव्यात कशापासून लांब ठेवायचं, अकराव्यात शरीरावर काय होतं. माझ्या डब्यात एकच पदार्थ होता: एचएफसी-134ए, सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला नंबर) 811-97-2. जुन्या फ्रिजमध्ये आणि बऱ्याच गाड्यांच्या एसीत जो वायू असतो, तोच. 'ओझोन-सेफ' खोटं नव्हतं. ओझोन वाचवण्यासाठीच्या 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर स्प्रेमधले जुने सीएफसी वायू गेले आणि हे एचएफसी आले, कारण यांच्यात क्लोरीन नाही. पण ओझोनला न लागणारी गोष्ट छातीलाही लागत नाही, असं कुठे आहे?

भाची केमिस्ट्री शिकते. तिने वहीत गणित मांडलं. "मामा, 400 ग्रॅमचा डबा संपला की खोलीत साधारण 96 लिटर वायू होतो. तुझी खोली अकरा हजार लिटरची. म्हणजे दहा लाख भागांत साडेआठ हजारांच्या वर." आठ तासांच्या कामासाठी सांगितलेली मर्यादा हजार. शिवाय हा वायू हवेच्या साडेतीनपट जड, तो खालीच साचतो. आणि मी स्प्रे मारताना तोंड लॅपटॉपच्या पोटात घालून बसलेलो. तिथलं प्रमाण खोलीच्या सरासरीपेक्षा किती तरी जास्त.

डॉक्टरांनी शीट शांतपणे वाचली. असे वायू जास्त प्रमाणात श्वासात गेले की हृदय अ‍ॅड्रेनलिनला नको तितकं दाद देऊ लागतं, मग घाबरणं किंवा एकदम धावणंसुद्धा ठोके बिघडवायला पुरतं, हे त्यांनी समजावलं. 1970 साली अमेरिकेत एका डॉक्टरांनी स्प्रे आणि सॉल्व्हंट नशेसाठी हुंगणाऱ्या 110 तरुणांच्या अचानक मृत्यूंची नोंद केली होती. 134ए हा त्या जुन्या वायूंपेक्षा पुष्कळ सौम्य. कुत्र्यांवरच्या चाचण्यांत, अ‍ॅड्रेनलिन टोचलेलं असताना, ठोके बिघडले ते हवेत आठ टक्के वायू असताना. तुमच्या बाबतीत हेच कारण आहे असं मी लिहून देणार नाही, असंही ते स्पष्ट म्हणाले. रक्त तपासून काही कळणार नाही, कारण हा वायू श्वासावाटे लवकर बाहेर पडतो. "पण स्प्रे बंद करून बघायला औषध लागत नाही." मला हे उत्तर आवडलं. जेवढं कळलं तेवढंच सांगणारा डॉक्टर बरा.

पुढचं त्यांनी फोनमध्ये लिहून घ्यायला लावलं. कुणी या वायूने चक्कर येऊन पडलं, तर आधी मोकळ्या हवेत आणायचं, पळवायचं नाही, घाबरवायचं नाही, 108 ला फोन करायचा आणि येणाऱ्या डॉक्टरांना वायूचं नाव आधी सांगायचं. इंजेक्शन कोणतं द्यायचं हे त्यावर ठरतं.

शीटच्या दहाव्या भागाने मला जास्त विचारात पाडलं. पोटमाळ्यावर एका हातात हॉट-एअर गन असते, नोझलशी साडेतीनशे-चारशे अंश, आणि शेजारचा पोऱ्या त्याच टेबलावर डबा उलटा धरून चिप गार करत असतो. डबा उलटा केला की द्रव येतो, उणे 26 अंशांना उकळणारा; चिपवर क्षणात पांढरं बर्फ धरतं, बोटावर पडला तर कातडी भाजल्यासारखी होते. हा वायू तापलेल्या धातूशी आला तर त्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन फ्लोराइड हा घातक वायू तयार होऊ शकतो, असं तिथे लिहिलंय. घशात चरचरणारा जो वास आम्ही 'फ्लक्सचा' (सोल्डरिंगला लावतो त्या पेस्टचा) म्हणून सोडून द्यायचो, तो दर वेळी फ्लक्सचाच होता का, हे आता कोण सांगणार?

शेठला शीट दाखवली. ई.एस.आय. (कामगार विमा) लागू होण्याइतकी माणसं दुकानात नाहीत, त्यामुळे सरकारी दारं ठोठावण्यात अर्थ नव्हता. शेठ आधी म्हणाले, "मास्क लावा ना." साधा मास्क किंवा एन-95 धूळ अडवतो, वायू नाही, हे समजावलं. मग मी डब्यांचा महिन्याचा खर्च आणि इलेक्ट्रिक ब्लोअरची किंमत शेजारी-शेजारी लिहून दिली. ब्लोअर दुसऱ्याच दिवशी आला. एक्झॉस्टला वेळ लागला, कारण मिस्त्री तो छताजवळ बसवायला निघाला होता. जड वायूसाठी जमिनीलगत हवा, आणि समोरच्या बाजूने हवा आत यायला फट हवी, यावर बराच वाद झाला. आता धूळ ब्लोअर आणि ब्रशने खालच्या दाराशी उडवतो. फ्रीझ स्प्रे, म्हणजे चिप गार करायला उलटा डबा, फक्त अडलेल्या बोर्डाला, गन बंद करून, पंखा चालू ठेवून.

आईला दमा आहे, तिच्या पंपातही 134ए. मी घरी हे सगळं बोललो आणि तिने पंप कपाटात ठेवून दिला. डॉक्टरांकडे तिला पंपासकट घेऊनच गेलो. पंपाच्या एका फवाऱ्यात वायू मिलिग्रॅममध्ये मोजावा इतकाच. आमचा डबा काही सेकंदांत ग्रॅममध्ये ओततो. पंप थांबवणं हाच खरा धोका, असं त्यांनी तिच्याकडे बघून दोनदा सांगितलं. तिने तो तिथेच पर्समधून काढून घेतला.

दुपारचे ठोके आता क्वचित चुकतात. डिस्ट्रिब्युटरने मध्यंतरी 'पर्यावरणाला बरा' म्हणून नवा डबा आणला. या वेळी शीट आधी मागवली. आत 152ए हा दुसरा वायू निघाला, आणि तो पेट घेतो. सोल्डरिंगच्या टेबलाशी तो नको म्हणून पेटी तशीच परत पाठवली.