तिसऱ्या प्लेटमधल्या पेशी मरेनात

न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीइतकी चिडकी पेशी नाही. रक्तातून वेगळी करताना पिपेट जोरात दाबलं किंवा बफरमध्ये एन्डोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाचा, अंश राहिला, की ती चवताळते. मग दिवसभर दिसतो तो आपल्याच हाताचा प्रताप. बशीत ठेवल्यावर बहुतेक न्यूट्रोफिल दिवसभरात मरतात, आणि त्यांनी वेळेवर मरायलाच हवं. फुफ्फुसात रेंगाळल्या, तर जंतूंसाठी राखलेली एन्झाइम्स आपल्याच ऊतींवर सांडतात आणि सूज ओसरत नाही.

नेहमीच्या इनक्युबेटरमध्ये जवळजवळ खोलीतल्या हवेइतका ऑक्सिजन असतो. निरोगी वायुकोशातही तो १३-१४ टक्केच. न्यूमोनियाने भरलेल्या कोपऱ्यात तर फारच कमी. तरी पेपर निघतात. असो.

म्हणून आम्ही हायपॉक्सिया चेंबर, म्हणजे कमी ऑक्सिजनची पेटी, १ टक्क्यावर लावतो. माध्यम आदल्या रात्रीच आत ठेवायचं, कारण द्रवात विरघळलेला ऑक्सिजन सहजी निघत नाही. पेशी फोडायचं बफरही आतच हवं. एचआयएफ-१ अल्फा हे ऑक्सिजन कमी पडला की पेशीत साठणारं प्रथिन हवा लागली की पाच मिनिटांत निम्म्याहून कमी उरतं. ‘प्लेट जरा बाहेर काढतो’ म्हणणाऱ्याला मी चेंबरपाशी फिरकू देत नाही. नायट्रोजनचा सिलिंडर संपत आलेला असतो आणि खरेदी विभाग कोटेशनं जुळवत बसलेला असतो, ते वेगळंच.

त्या दिवशी १ टक्क्यातल्या पेशी दुसऱ्या सकाळीही बऱ्याच जिवंत होत्या, म्हणजे अपेक्षेप्रमाणेच; कमी ऑक्सिजनमध्ये न्यूट्रोफिल जास्त टिकतात. माझं लक्ष खिळलं तिसऱ्या प्लेटवर. ती साध्या हवेत होती, फक्त डीएमओजी घातलेली. हे रसायन ऑक्सिजनचा अंदाज घेणारी हायड्रॉक्सिलेज एन्झाइम्स बंद पाडतं. याच यंत्रणेच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चं नोबेल मिळालं. भोवती हवा तेवढा ऑक्सिजन, तरी याही पेशी मरेनात. २००५मध्ये हे छापून आलंय, मी वाचलेलंही होतं. माझ्या डोक्यात मात्र भलतंच सुरू झालं.

हीच एन्झाइम्स रोखणारी औषधं मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तवाढीसाठी देतात. त्यांतल्याच डेसिडुस्टॅट या गोळीला आपल्याकडे २०२२मध्ये परवानगी मिळाली. गोळीचा डोस आणि माझ्या प्लेटमधला डीएमओजीचा मारा यांची बरोबरी होत नाही, हे कळतं मला. पण ती गोळी चालू असलेल्या रुग्णाला न्यूमोनिया झाला, तर त्याच्या फुफ्फुसातल्या न्यूट्रोफिल वेळेवर मरतील का?

गाईडना विचारलं. ते म्हणाले, “आधी रक्तदाते वाढव, मग रुग्णांचं बोलू.” खरं आहे. तरी पुढच्या खेपेला प्लेटमधल्या चार खळग्यांत डेसिडुस्टॅट लावणार आहे.