टस्कम्बियाच्या रानात, कुत्र्यांच्या आवाजामागे

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या टस्कम्बियाला लोक जातात ते हेलन केलरचं जन्मघर बघायला. आम्हीही ते पाहिलं, पण माझी ओढ होती पुढच्या डोंगराळ रानाची. तिथे एक स्मशानभूमी आहे, आणि तिच्यात फक्त रकून नावाच्या रानटी प्राण्याची शिकार करणारी कुत्री पुरलेली आहेत. अंडरवूड नावाच्या शिकाऱ्याने ४ सप्टेंबर १९३७ रोजी आपला ट्रूप नावाचा कुत्रा इथे पुरला. रात्री शिकारी मंडळी जिथे तळ ठोकून बसायची, तीच ही जागा. जुन्या चिमणीचा दगड आणून त्याने त्यावर हातोडी आणि स्क्रूड्रायव्हरने ट्रूपचं नाव कोरलं. आज इथे तीनशेहून जास्त कुत्री आहेत. कुत्रा खरोखर रकूनवरचाच होता, हे साक्षीदाराने सांगितल्याशिवाय जागा मिळत नाही. दर सप्टेंबरात, लेबर डेला म्हणजे तिथल्या कामगार दिनाला, इथे मेळा भरतो. गाणी, बार्बेक्यू आणि थापा मारण्याची स्पर्धासुद्धा!

माझ्या सहकाऱ्याचे वडील इथलेच. सत्तरी ओलांडलेले, बोलायला कमी. "रात्री येतेस का?" एवढंच त्यांनी विचारलं.

पानगळ संपत आली होती. पिकअपच्या मागच्या पेटीत दोन कुत्री होती: डेझी ही ट्रीइंग वॉकर जातीची, आणि ब्लू हा ब्लूटिक, अंगभर निळसर ठिपके असलेला. शेताच्या मालकाची परवानगी आधीच घेतलेली. ओढ्याजवळ गाडी थांबली, पट्टे सुटले आणि दोन्ही कुत्री अंधारात दिसेनाशी झाली. काकांनी टोपीवरचा दिवा मालवला. मग वाट बघायची.

या शिकारीत माणूस फारसं काही करत नाही, तो ऐकतो. रकून रात्रीचा प्राणी. मांजरापेक्षा मोठा, डोळ्यांवर काळी पट्टी, शेपटीला काळी कडी. मका दुधात आला की शेतं उद्ध्वस्त करतो. पाठलाग लागला की पाण्यातून चालतो, एका झाडावर थोडं चढून पुन्हा उतरतो, कुत्र्यांना चकवतो. हे सगळं आपल्याला दिसत नाही, कुत्र्याच्या आवाजावरून ओळखायचं.

बऱ्याच वेळाने ओढ्यापलीकडून लांबलचक हेल आला. "डेझी," काका म्हणाले. वास शिळा होता, म्हणून ती मधूनमधून भुंकत होती. थोड्याच वेळात ब्लूचा जाडा, खर्जातला आवाज तिच्यात मिसळला. गुराख्याला कळपातल्या आपल्या गाईची घंटा ओळखू यावी, तसे काका दोन्ही आवाज वेगळे काढत होते. गळपट्ट्यांच्या जीपीएसचं यंत्र त्यांच्या खिशातच राहिलं. आवाज जवळजवळ येत गेले, मग एकदम थांबले. मी श्वास रोखला. आणि डेझीचा सूरच बदलला: हेल गेला, आखूड, भराभर, एका जागेवरून. "झाडाला लागली!" म्हणजे रकून झाडावर चढला आणि डेझी खाली उभी.

काटेरी झुडपं बाजूला सारत पोचलो तेव्हा दोघं एका ओकच्या बुंध्यावर पुढचे पाय टेकून वर भुंकत होती. काकांनी दिव्याचा झोत फांद्यांवरून फिरवला. उंचावर दोन डोळे चमकले. मी मनातून त्या डोळ्यांच्या बाजूची होते, हेही खरं.

बंदूक गाडीतच होती. १९२० च्या दशकात रकूनच्या कातड्याचे कोट चालायचे, १९५० च्या दशकात पोरांना शेपटीच्या टोप्यांचं वेड लागलं होतं. आता कातड्याला तसा भाव नाही. "याला मारलं, तर उद्या डेझीने कुणामागे धावायचं?" काका म्हणाले. हे ऐकून मला फार बरं वाटलं. हटवताना मात्र कुत्र्यांना अक्षरशः ओढावं लागलं.

स्पर्धांमध्येही हाच रिवाज आहे. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या युनायटेड केनेल क्लबच्या रात्रीच्या स्पर्धेत प्राणी मारत नाहीत. एका गटात जास्तीत जास्त चार कुत्री. प्रत्येक मालकाने आपल्या कुत्र्याचा आवाज ओळखून नाव पुकारायचं. पहिल्या भुंकण्याला १०० गुण, प्राणी झाडावर चढल्याचं आधी दाखवलं तर १२५. झाडावर काहीच नसलं किंवा ओपोसम (पिल्लं पोटपिशवीत वाढवणारा दुसराच प्राणी) निघाला, तर गुण वजा. डेझी पुढच्या स्पर्धेत उतरणार आहे. काकांनी मलाही बोलावलंय, आणि मी जाणार आहे.