कुगावच्या काठावरून होम मैदानापर्यंत

किंक्रांतीला लांबचा प्रवास करू नये, करीदिन असतो, असं नणंदेने सकाळपासून तीनदा सांगून पाहिलं. पण सोलापूरच्या माणसाला किंक्रांत म्हणजे गड्ड्यातलं, सिद्धेश्वरांच्या यात्रेतलं, दारूकाम. भोगीला सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता, संक्रांतीला होम आणि किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम, हा क्रम आमच्या अंगात भिनलेला आहे. त्यात कोरोनाची दोन वर्षं सिद्धरामेश्वरांची यात्रा मोजक्या मानकऱ्यांतच झालेली. 2023 च्या संक्रांतीला ती पुन्हा भरली, तेव्हा मी लेकाला शब्द दिला होता की संक्रांत आत्याकडे कळाशीला करू, पण दारूकामाला सोलापुरात असू.

कळाशी इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या काठावर. तिथून सोलापूरला यायचा सरळ रस्ता म्हणजे हायवेला येऊन इंदापुरात एसटी धरायची. टेंभुर्णी, मोहोळ करत आरामात पोचता येतं. तो रस्ता सोडून आम्ही पाण्यातून पलीकडे कुगावला उतरायचं आणि तिथून सोलापूर गाठायचं ठरवलं. लेकाला बोटीत बसायचं होतं. मला उजनी एकदा मधोमध जाऊन बघायची होती.

का, ते सोलापूरकरांना सांगायला नको. आमच्या घरात उजनी हा शब्द रोजचा. पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी लग्नाची तारीखसुद्धा मागेपुढे करायची तयारी असते. पेपर हातात आला की आधी धरण किती टक्के ते बघायचं. ‘उजनी प्लसमध्ये आली’ म्हटलं की गल्लीत सगळ्यांचे चेहरे उजळतात आणि ‘मायनसमध्ये गेली’ म्हटलं की पिंप कोण कुठे ठेवतं यावरून भांडणं. बाहेरच्यांना हे मायनस कळत नाही. 117 टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) या धरणात जवळजवळ 64 टीएमसी हा मृत साठा आहे. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे, तर त्या मृत साठ्याच्या पातळीला आलेलं. त्याच्याही खाली उपसा सुरू झाला की मायनस. एवढं सगळं तोंडपाठ असूनही मी हे पाणी हायवेवरच्या पुलावरून, भीमानगरला बसच्या खिडकीतून, तेवढं पाहिलेलं.

कळाशीच्या काठाला धक्का वगैरे काही नव्हता. पाणी जसं चढेल-उतरेल तशी बोट लागायची जागा पुढेमागे सरकते, त्यामुळे बांधून ठेवावं असं तिथे काही टिकणारच नाही. काळ्या चिखलावर उसाचं पाचट टाकून वाट केलेली. बोट लोखंडी, डिझेल इंजिनाची. आधी फळी लावून दोन मोटरसायकली चढवल्या, मग दुधाच्या किटल्या, खताची दोन पोती, मग माणसं. दुचाकी चढवणं हे बघण्यासारखं काम आहे. एकाने हँडल धरायचं, दोघांनी मागून रेटायचं, फळी मधे वाकते आणि एक क्षण सगळे गप्प होतात. आम्हाला वाटलं बसलो की निघणार. पण बोट भरल्याशिवाय निघत नाही. पाऊण तास असाच गेला.

आमच्या पायाशी एका क्रेटमध्ये चिलापी होत्या. उजनीत जाळं टाका, जास्त करून चिलापीच येते. लेकाने एकीला बोट लावलं तर तिने पाठीवरचे काटे ताडकन उभे केले आणि त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब आला. मच्छीवाल्याने हसत त्याचा हात पाण्यात बुडवला. हात बाहेर आला तेव्हा रक्त गेलं होतं, पण तळव्यावर हिरवी बारीक भुकटी चिकटली होती, दळलेल्या मेथीसारखी. पाणीच तसं होतं, काठापासून आतपर्यंत हिरवट. पुण्या-पिंपरीकडून भीमेत काय काय येतं ते आपण वाचतो. वाचणं वेगळं आणि लेकराच्या हाताला लागलेलं बघणं वेगळं. मी पदराने त्याचा हात दोनदा पुसला.

बोट मधे गेली आणि काठ पातळ रेघेसारखे झाले. एवढं पाणी सोलापूरच्या माणसाने एका जागी बघितलेलं नसतं. वाटेत जाळ्यांच्या खुणेला बांधलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या आणि नावाडी त्यांच्यामधून, शेतातल्या सऱ्यांतून चालावं तसा, बोट वळवत नेत होता. ते मी त्याला बोलले तर म्हणाला, “ताई, शेतंच हायती की खाली.” लांब उथळाला रोहित पक्ष्यांचा थवा दिसला. उभे होते तोवर नुसतेच पांढुरके ठिपके. उठले तेव्हा पंखांखालचा लाल रंग एकदम उलगडला आणि लेक उभाच राहिला. बोट हलली. नावाडी जोरात ओरडला, “बस खाली!” तेव्हा मी त्याला मांडीवर ओढून घट्ट धरलं.

इथे मला थांबून एक सांगायचं आहे. त्या दिवशी आमच्यापैकी कुणाच्याही अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. मलाही मागावंसं सुचलं नाही. पुढच्या वर्षी, 21 मे 2024 ला, संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात याच कुगाव-कळाशी वाटेवर बोट उलटली. सात जणांपैकी एक पोहून काठाला लागला, सहा गेले. त्यात दोन लहान मुलं होती. ती बातमी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि मला तो “बस खाली!” ऐकू आला. तुम्ही कुणी उजनीत, भिगवणला पक्षी बघायला का होईना, बोटीत बसणार असाल तर जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. वाऱ्याची लक्षणं दिसली तर ठरलेला बेत सोडून द्या. काठावरचे लोक वारं ओळखतात. ते नको म्हणाले तर नकोच.

कुगावला उतरलो आणि मला वाटलं, झालं, आता आपल्या जिल्ह्यात आलो. कुगाव करमाळा तालुक्यात, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात. पण जिल्ह्यात येणं आणि सोलापुरात येणं यात किती अंतर आहे, ते तिथून पुढे कळलं.

काठावर एक वडाप, खाजगी प्रवासी जीप, उभी होती. ती पण भरल्याशिवाय निघणार नव्हती. सावलीत एक आजी पिशवी घेऊन बसलेल्या. पिशवीत हिरव्या केळ्यांच्या फण्या. करमाळ्याचा हा पट्टा आता केळीचा झालाय, कंदरची केळी परदेशी जातात. आजीही सोलापूरलाच निघालेल्या, लेकीकडे. मी विचारलं, “आजी, कुठलं गाव तुमचं?” त्यांनी पाण्याकडे हात केला. मला वाटलं पलीकडचा काठ दाखवतात. म्हणाल्या, “पलीकडं न्हाई गं बाई. हितं. पाण्यात.”

मग त्या बोलत राहिल्या आणि मी ऐकत राहिले. धरण 1980 च्या सुमाराला झालं, तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. घराची दारं-खिडक्या, वासे काढून बैलगाडीतून वर आणले. जातं जड म्हणून खालीच राहिलं. पाणी एकदम आलं नाही म्हणाल्या, रोज थोडं थोडं आलं. आज विहिरीपर्यंत, परवा मारुतीच्या पायरीपर्यंत. एखाद्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात पाणी हटलं की जुन्या गावचे चौथरे उघडे पडतात, तेव्हा गावातले म्हातारे बघून येतात. पलीकडच्या पळसदेवला पळसनाथाचं जुनं देऊळ असंच वर येतं, ते बघायला गर्दी होते, फोटो निघतात. आजींच्या चौथऱ्याचे फोटो कोण काढणार?

“आनि तुमच्या सोलापूरला हितनंच पानी जातं म्हनं,” त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. “मंग ते कसं जातं? आमाला तर जायाला दिस मोडतो.”

वडाप चिखलठाणवरून जेऊरला. दोन्हीकडे ऊस आणि केळी, मधे रस्ता असा की बोलताना जीभ चावली जाईल. जेऊर हे रेल्वेचं ठिकाण, पुणे-सोलापूर लाइनवरचं. तिथे गाडी मिळाली की कुर्डुवाडीवरून थेट सोलापूर. सगळा बेत त्या गाडीवरच होता. आम्ही स्टेशनात शिरलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा प्लॅटफॉर्म सोडत होता. कळाशीला गेलेला तो पाऊण तास इथे भरावा लागला. लेकाचा चेहरा बघवेना. पुढच्या गाडीची वाट बघितली असती तर दारूकाम गेलंच असतं. आजी मात्र शांत होत्या. “टेंभुर्णीला चला,” म्हणाल्या, “हायवेला सतरा गाड्या.”

म्हणजे ज्या हायवेने सकाळीच निघायचं होतं, त्याच हायवेला आम्ही दुपार कलताना परत निघालो. कंदरवरून टेंभुर्णीच्या वाटेवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, एकामागे एक. जानेवारी म्हणजे कारखान्यांचा हंगाम. ओव्हरटेक करायची सोयच नाही. टेंभुर्णीला सोलापूरची बस मिळाली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. बसायला जागा एकच. आजींना बसवलं, लेक त्यांच्या मांडीपाशी टेकला, मी दांडी धरून.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर मी उभ्या उभ्या त्यांना दिलं. उजनीपासून सोलापूरपर्यंत सुमारे 110 किलोमीटरची पाइपलाइन आहे. पाणी पंपाने उचलतात, ते पाकणीला येतं, तिथे शुद्ध होतं आणि मग शहरात. आजींनी मान डोलावली. मला मात्र सांगता सांगताच लाज वाटत होती. पाण्याला ना बोट बदलावी लागते, ना वडाप. ज्यांची घरं त्या पाण्याखाली गेली, त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात यायचं, कचेरीत कागद घेऊन यायचं, तर निम्मा दिवस वाटेत आणि कागद अपुरा निघाला की दुसरा दिवस. पाण्याच्या पलीकडे इंदापूर तालुका डोळ्यांना दिसावा इतका जवळ, पण रस्त्याने जायचं तर टेंभुर्णीचा नाहीतर भिगवणचा वळसा. म्हणून लोक बोटीत बसतात. हौसेने बसणारे त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. शिरसोडी ते कुगाव पूल आता मंजूर झालाय. त्याची मागणी किती जुनी आहे ते त्या काठावर कुणालाही विचारा. आम्ही शहरातले लोक नळाला पाणी उशिरा आलं की मोर्चा काढतो, तो काढायलाच हवा. पण त्या पुलासाठी आमच्यातलं कुणी कधी बोललेलं मी ऐकलं नाही. मीही बोलले नव्हते.

मोहोळ गेलं. लांबोटीला सीना ओलांडली आणि एवढ्या घाईतही बस थांबल्यावर उतरून मक्याचा चिवडा घेतलाच, लांबोटीवरून रिकाम्या हाताने पुढे जायची रीत नाही. आजींना दात नव्हते, त्यांनी मुठीत घेऊन नुसता वास घेतला आणि लेकाला दिला. पाकणीशी लेकाने खिडकीतून विचारलं, “इथे पाणी थांबतं का?” मी हो म्हटलं. आजींनी वाकून बाहेर बघितलं. अंधार पडत होता, दिसलं काहीच नाही, पण त्या बघत राहिल्या.

बाळे मागे पडलं, जुना पुणे नाका आला आणि गाड्या ठप्प. यात्रेमुळे आतले रस्ते बंद. स्टँडवर उतरलो तेव्हा आकाशात पहिला आवाज झाला. रिक्षावाले हातानेच नाही म्हणत होते. शिवाजी चौकातून नवी पेठेत शिरलो. एका हातात लेक, दुसऱ्या हातात आजींची पिशवी, आजी माझा पदर धरून. रस्ता माणसांनी भरलेला आणि सगळी माणसं एकाच दिशेला. बायकांच्या केसांत तिळगुळाचे दाणे, पोरांच्या तोंडात पिपाण्या. चार पुतळ्यांपाशी सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या गळ्यातले 12 जानेवारीचे, त्यांच्या फाशीच्या दिवसाचे, हार अजून होते, झेंडूच्या पाकळ्या कडेने काळ्या पडलेल्या.

पार्क चौकाच्या पुढे पाय ठेवायला जागा नव्हती. होम मैदान समोर, पण तिथवर जाणं शक्यच नव्हतं. एका अनोळखी दादांनी न विचारता लेकाला उचलून खांद्यावर घेतलं. “बस बे, दिसतंय का?” लेक वरून ओरडून सांगायला लागला, आता हिरवं, आता पाऊस पडल्यासारखं, आता चक्र. मला डोक्यांच्या वर उंच गेलेले बाण तेवढे दिसत होते. आजींना तेही दिसत नव्हते. त्या माझ्या दंडाला धरून त्याचं ऐकत होत्या आणि प्रत्येक आवाजाला “सिद्धेश्वर महाराज की जय” म्हणत होत्या, हळू, स्वतःशीच.

जावई फोनवर फोन करून शेवटी चार पुतळ्यांपाशी सापडले. आजींनी पिशवीतून एक फणी काढून लेकाच्या हातात दिली. केळी अजून हिरवीगार होती, म्हणाल्या, तांदळात घालून ठेव. घरी जाऊन रात्रीच डब्यात घातली. लेक रोज शाळेतून आला की झाकण उघडून बघायचा. चौथ्या दिवशी पिकली.