मुस्तफाची लाथ आणि सेकंडहँड आय-थ्री

कराडला एसटी स्टँडवरून घरी जाताना व्हिडिओ गेमचं एक पार्लर लागायचं. क्लास सुटला की दादा मला तिथे न्यायचा, आईला न सांगता. मशीनवर 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' असं लिहिलेलं होतं. कॅपकॉमचा 1993 चा गेम. पण ते नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं, सगळे म्हणायचे 'मुस्तफा'. पिवळ्या टोपीचा मुस्तफा कायम दादाचा आणि हॅना माझी. पुढे-पुढे दोनदा दाबायचं, मुस्तफा धावत सुटायचा, आणि नेमक्या क्षणी बटण मारलं की त्याची उडती लाथ बसायची. तो नेमका क्षण दादाच्या हातात होता.

गेल्या वर्षी ठरवलं, दिवाळीला दादाच्या घरी असं मशीन उभं करायचं. खोका सोपा निघाला. 19 मिमीचा प्लाय, वर काळा सनमायका, आमच्या सुतारकाकांनी चार दिवसांत करून दिला. खरा प्रश्न आत काय बसवायचं हा होता.

आधी लॅपटॉपला घरचाच टीव्ही जोडला आणि दादाला खेळायला बसवलं. दोन मिनिटांत तो म्हणाला, "अगं, लाथ उशिरा बसतेय." मला काही जाणवत नव्हतं. म्हणून मोबाईल स्लो-मोशनवर, सेकंदाला 240 फ्रेम्सवर लावला आणि बटण व स्क्रीन एकत्र शूट केलं. बटण तळाला टेकल्यापासून मुस्तफा हलेपर्यंत 34 फ्रेम्स गेल्या. म्हणजे जवळजवळ 140 मिलिसेकंद. दादाचा हात बरोबर सांगत होता. त्या दिवसापासून प्रत्येक वस्तू मी या एकाच मापाने निवडली.

सेकंडहँड कॉम्प्युटरच्या दुकानात पहिलंच वाक्य ऐकलं, "मॅडम, गेमिंग म्हणजे ग्राफिक्स कार्ड लागणारच." इथे लागत नाही. त्या काळच्या टू-डी गेम्सचं एम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरने जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणं, जवळजवळ सगळं प्रोसेसरवर चालतं, आणि तेही मुख्यतः एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच काम करणाऱ्या भागावर. म्हणून किती कोअर आहेत यापेक्षा एक कोअर किती वेगाने पळतो ते बघायचं. मी इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, कोअर आय-थ्री 4170 घेतला. दोनच कोअर, पण 3.7 गिगाहर्ट्झचे. ऑफिसातून निघालेला छोटा डबा, 4 जीबी रॅम, 120 जीबीची एसएसडी. यापेक्षा जास्त रॅमवर पैसे घालू नका.

पार्लरमधल्या मूळ मशीनच्या बोर्डातला प्रोसेसर, मोटोरोला 68000, तर अवघा 12 मेगाहर्ट्झचा. मग एवढा वेग कशाला? रन-अहेडसाठी. गेम सेकंदाला सुमारे 60 चित्रं, म्हणजे फ्रेम्स, दाखवतो, आणि बटण दाबल्यावर स्वतःच यातल्या एक-दोन फ्रेम्स घेऊन मग प्रतिसाद देतो. रेट्रोआर्क या एम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये रन-अहेड चालू केलं की एम्युलेटर पुढची फ्रेम गुपचूप आधीच काढून बघतो, ती दाखवतो आणि पुन्हा मागे येतो. म्हणजे प्रत्येक फ्रेमला दुप्पट काम, आणि ते सगळं एका फ्रेमच्या वेळात, 16.7 मिलिसेकंदांच्या आत उरकायचं. दुबळा प्रोसेसर इथे अडखळतो आणि आवाज तुटायला लागतो.

चौथ्या पिढीचंच मशीन घेण्याचं दुसरं कारण म्हणजे मागचं निळं व्हीजीए पोर्ट, जुने मॉनिटर जोडायचं. सहाव्या पिढीपासून इंटेलने प्रोसेसरमधली ही थेट जोडणी काढून टाकली. मला 17 इंची जुना सीआरटी, म्हणजे काचेच्या पिक्चर ट्यूबचा, मॉनिटर लावायचा होता. तो चित्र साठवून, घासून-पुसून दाखवत नाही. सिग्नल येईल तशी रेघ काढत जातो. जड आहे, खोका मागे दीड वीत वाढवावा लागला, पण एवढ्याने टीव्हीचा सगळा उशीर गेला.

बटणांच्या बाबतीत मात्र मी एक आठवडा वाया घालवला. जुन्या कीबोर्डची पट्टी काढून तिलाच वायरी सोल्डर केल्या होत्या. दिशा, मार आणि उडी एकदम दाबलं की तिसरी कळ गायब, कारण कीबोर्डच्या आत कळा आडव्या-उभ्या वायरींच्या जाळीत जोडलेल्या असतात आणि काही तीन कळा एकदम दाबल्या तर त्याला ओळखता येत नाहीत. संकटात मार आणि उडी एकदम दाबूनच तर सुटका होते! शेवटी यूएसबी एन्कोडर आणला, म्हणजे बटणं कॉम्प्युटरला जोडणारी छोटी पट्टी. त्यात प्रत्येक बटणाला स्वतंत्र वायर जाते.

पुन्हा मोबाईल लावला. 13 फ्रेम्स. 54 मिलिसेकंद.

दोन छोट्या गोष्टी. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमध्ये, 'वीज आल्यावर आपोआप सुरू' हा पर्याय निवडला, त्यामुळे भिंतीवरचं एक बटण दाबलं की गेम समोर येतो. आणि मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांपासून वायर ओढून खोक्याच्या उजव्या कुशीला एक बटण बसवलं, कारण बंद करताना थेट वीज तोडलेली एसएसडीला चालत नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी दादाने जॉयस्टिक धरली, पुढे-पुढे केलं आणि लाथ मारली. काही बोलला नाही. पुढच्या गुंडालाही तशीच मारली. मी माझी हॅना निवडून शेजारी उभी राहिले.

हा गेम मुळात तिघांचा आहे, हे दादाच्या मुलीला पहिल्याच तासात कळलं. आता तिच्यासाठी कंट्रोल पॅनल 20 सेंटीमीटर रुंद करायचंय आणि अजून एक एन्कोडर आणायचाय.