काविळीची साथ आणि आमचे इंटर्न

मेडिकल कॉलेजात मी पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवते. मुलांच्या लेखी हा परीक्षेपुरता विषय. म्हणूनच पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात काविळीचे पेशंट वाढल्याचा फोन प्राथमिक आरोग्य केंद्रातून आला, तेव्हा इंटर्नची तुकडी मी मुद्दाम सोबत नेली.

उपकेंद्रात पोचताच मुलं पेशंटचे डोळे बघायला, लिव्हर चाचपायला, रक्त काढायला लागली. चांगलं करत होती. मग आशाताईंच्या वहीतली नावं घरनिहाय गावाच्या नकाशावर मांडायला लावली. बहुतेक सगळे ठिपके खालच्या आळीत! टाकी एकच, तरी वरच्या आळीत जेमतेम एखाददुसरा पेशंट.

घरोघरी मुलं विचारत होती, "गेल्या आठवड्यात बाहेर काय खाल्लं?" मी त्यांना थांबवलं. हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ असेल, तर विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत 2 ते 10 आठवडे जातात. विचारायचं ते महिना-दीड महिन्यापूर्वीचं. एका इंटर्नने पाणी सोडणाऱ्या काकांना तसं विचारलं. ते लगेच म्हणाले, "तेव्हा गटाराचं काम चालू होतं की. जेसीबी लागून पाइप फुटला होता. ट्यूब गुंडाळून भागवलं."

टाकीजवळच्या नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरिन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरिन होतं. खालच्या आळीतल्या शेवटच्या नळावर तेच थेंब टाकले, तर पाणी जसंच्या तसं, म्हणजे क्लोरिन वाटेतच संपलं होतं. काकांनी पाइप उघडा करून दाखवला. चक्क गटारातून गेलेला, वर सैल झालेली ट्यूब. गावात पाणी सुटतं तासभर. एरवी पाइपात दाब नसतो, आणि फटीतून गटाराचं पाणी आत शिरतं. 1955-56 साली दिल्लीत नजफगड नाल्याचं सांडपाणी यमुनेच्या पंपिंग स्टेशनपर्यंत पोचलं होतं आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली होती. तोच आजार, तीच वाट.

मला धास्ती होती ती गरोदर बायकांची. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला, तर शंभरातल्या 20-25 जणी दगावू शकतात. आरोग्य सेविकेबरोबर दोन मुलींना आधी त्यांच्याच घरी पाठवलं. पाणी उकळूनच प्यायचं, लघवी पिवळी दिसली की त्याच दिवशी कळवायचं, हे सासूबाईंनाही समजावून यायला सांगितलं.

दुपार ग्रामपंचायतीत गेली. पाइप कुणी बदलायचा, पैसे कुठल्या निधीतून, तोवर टँकर कोण देणार? सरपंच, ग्रामसेवक, पाणीपुरवठ्याचे अभियंते आणि नकाशा मांडून बसलेली आमची पोरं. माझ्या मते सार्वजनिक आरोग्याचं खरं शिक्षण या खोलीत होतं. या कामाला जितका डॉक्टर लागतो, तितकाच पाण्याचा अभियंता लागतो आणि आशाताईही. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत ही माणसं एका टेबलाशी बसलेली विद्यार्थ्याला क्वचितच दिसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पाइप गटाराबाहेरून घ्यायचं ठरलं. रक्ताच्या तपासणीत पुढे हिपॅटायटिस ईच निघाला. निघण्यापूर्वी एका इंटर्नने स्वतःहून उभं राहून लोकांना सांगितलं, "पाइप बदलला तरी अजून काही आठवडे नवे पेशंट निघतील. ते आधीच्या पाण्याचे असतील. घाबरू नका, आणि उकळणं सोडू नका." एका आजोबांनी कारण विचारलं, तेव्हा त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडे मोजून दाखवले.