कोबा फोडला होता का?

आमचे आजोबा वाईला गवंडीकाम करायचे. सिमेंट येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीला ते चुनाच वापरत. चुनखडीचे खडे भट्टीत भाजायचे, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, मग घाण्यात वाळूबरोबर मळायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी. त्याचा जमिनीवर कोबा धरला की बोटाच्या पेराने टकटक करून ऐकायचे. पुढे कोणी तो फोडून खालून नळ टाकला आणि वरून कितीही सफाईने लिंपलं, तरी आजोबा उंबऱ्यातूनच सांगायचे, “हितं थिगळ हाय.”

हे आठवलं ते इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या गुहेत. (स्पेलिंग बघून मी ‘टॉर्क्वे’ म्हणत होतो, सात वर्षांच्या नातवाने दुरुस्त केलं.) आम्ही मुलाकडे रेडिंगला आलोय. तिथून आगगाडीने निघालो, न्यूटन ॲबटला गाडी बदलली. वाटेत डॉलिशला रूळ इतके समुद्राला लागून जातात की लाट खिडकीवर येते की काय असं वाटतं. टॉर्कीत केंट्स कॅव्हर्न म्हणून चुनखडकातली गुहा आहे. आपल्याकडे गुहा म्हटलं की डोळ्यांपुढे लेणी येतात, माणसाने छिन्नी-हातोड्याने बेसाल्टमध्ये कोरलेली. ही गुहा मात्र पाण्याने कोरली.

खडक सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा, उथळ उबदार समुद्रात प्रवाळांचा गाळ साचून झालेला. त्या काळाला भूगर्भशास्त्रात ‘डेव्होनियन’ म्हणतात, ते याच डेव्हन परगण्यावरून. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, सोड्यासारखं किंचित आंबट होतं आणि फटींमधून चुनखडक विरघळवत जातं. तेच पाणी गुहेच्या छतातून ठिबकलं की वायू निसटतो आणि चुना मागे राहतो. त्याचे छतातून लोंबणारे सुळके होतात, तेच शाळेत आम्ही ‘अधोमुखी लवणस्तंभ’ म्हणून पाठ केले होते. लवण म्हणजे मीठ असं धरून मी कितीतरी वर्षं मिठाच्या खांबांची कल्पना करत होतो.

आजी पानाच्या चुन्याची निवळी ठेवायची, तिच्यावर रात्रीत पातळ साय धरायची. तीही चुनखडीच, पण गंमत म्हणजे उलट्या वाटेने आलेली: निवळी हवेतला वायू घेऊन साय धरते, गुहेतलं पाणी वायू सोडून.

तर या ठिबकण्यातून गुहेच्या जमिनीवर चुन्याचा थर बसला, कुठे पापुद्र्याएवढा तर कुठे पाच फूट. हा गुहेचा कोबा! जॉन मॅकेनरी नावाच्या आयरिश कॅथलिक पाद्र्याने १८२५ नंतरची काही वर्षं तो फोडून खाली उकरलं. तरसांनी चघळलेली हाडं निघाली, खंजिरासारखे सुळे निघाले, आणि त्यांच्याच सोबत माणसाने घडवलेली चकमकीची हत्यारं. म्हणजे नामशेष झालेली जनावरं आणि माणूस एकाच काळातले. ऑक्सफर्डचे बडे भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड म्हणाले, छे, पुढे कधीतरी ब्रिटनच्या जुन्या रहिवाशांनी चुलीसाठी थरात खड्डे खणले असतील आणि हत्यारं त्यातून खाली गेली असतील. मॅकेनरींना तसे खड्डे कुठे दिसले नव्हते. पण ते पडले गावचे पाद्री. लिहिलेलं हयातीत छापून आलं नाही, १८४१ मध्ये वारले.

गाईड हे सांगत होती आणि मला आजोबा दिसत होते. कोबा फोडलाय की नाही हे ज्याने गुडघे टेकून बघितलं, त्याचं ऐकायचं की बाहेरून ‘असेल’ म्हणणाऱ्याचं?

१८५८ मध्ये शेजारच्याच ब्रिक्सहॅमला नव्याने सापडलेल्या गुहेत अखंड थराखालून हत्यारं निघाली आणि वारं फिरलं. ते काम बघणारे विल्यम पेंगेली हे पेशाने शिक्षक. मग १८६५ ते १८८० अशी पंधरा वर्षं त्यांनी केंट्स कॅव्हर्न खणली. तीन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल असे ठोकळे आखायचे आणि कुठल्या ठोकळ्यातून काय निघालं ते लिहायचं. माती आत मेणबत्तीच्या उजेडात तपासायची, मग दाराशी आणून दिवसाच्या उजेडात पुन्हा. मेजरमेंट बुक भरण्यात नोकरी घालवलेल्या माझ्यासारख्याला या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

गुहेत ठिबकून साचलेल्या चुन्याच्या एका उंचवट्यावर कोरलंय: रॉबर्ट हेजेस, आयर्लंड, २० फेब्रुवारी १६८८. आपल्या किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांचा पूर्वजच म्हणायचा. पण त्या अक्षरांवर पुढच्या पावणेदोनशे वर्षांत जेमतेम सव्वा मिलिमीटर चुना चढला होता, आणि त्यावरून पेंगेलींनी पाच फुटांच्या थराला किती काळ लागला असेल याचा अंदाज मांडला. सगळीकडे एकाच वेगाने चुना साठत नाही, त्यामुळे हा हिशेब आज कोणी धरत नाही. आता असल्या थरातल्या युरेनियमवरून वय काढतात.

१९२७ मध्ये इथेच माणसाच्या वरच्या जबड्याचा तीन दातांचा तुकडा मिळाला. २०११ मध्ये त्याचं वय सुमारे ४१ ते ४४ हजार वर्षं काढलं, तेही थेट नाही. त्याच्या वरून-खालून निघालेल्या हाडांची वयं काढून, मधे हा. म्हणजे पुन्हा कुठून काय निघालं याची नोंद!

गाईडने दिवे घालवले. नातवाने माझा हात घट्ट धरला, मी दुसऱ्या हाताने शेजारचा उंचवटा चाचपला. पेराने एकदाच टकटक केलं. दिवे आल्यावर गाईडने गोड शब्दांत झापलं, हाताचा तेलकटपणा लागला की तिथे चुना नीट धरत नाही. बरोबरच होतं तिचं. आवाज मात्र भरीव होता.

रेडिंगचं पाणी भारी जड, म्हणजे चुन्याचं, किटलीत महिनाभरात पांढरा थर बसतो. सूनबाई दर शनिवारी व्हिनेगर टाकून साफ करते. मी आणि नातवाने अडगळीतली जुनी किटली वेगळी ठेवलीय, आत खिळ्याने तारीख कोरून. तीन आठवडे झाले, तारखेतला पाच दिसेनासा झालाय. सूनबाईंचा विरोध कायम आहे.